निंग-निंगचे सव्वीस

१

नऊ महिन्यांत माझ्या मुलीचे सव्वीस कुणीतरी चोरले होते.

चोरी हा शब्द माझा. डॉ. लुओंनी फक्त पडदा माझ्याकडे वळवला आणि बोट खाली खाली नेत आकडे दाखवले. सप्टेंबरात नव्वद. डिसेंबरात ब्याऐंशी. मार्चमध्ये पंचाहत्तर. आणि आज, जूनमधल्या या सोमवारी, चौसष्ट. मूत्रपिंड रक्त किती वेगाने गाळतं, त्याचा हा आकडा. निंग-निंग शेजारच्या खुर्चीवर बसून दंडावरची चिकटपट्टी सोलत होती. ती सात वर्षांची आहे. जन्मापासून तिला एकच मूत्रपिंड आहे, डावं. हे मला ती पोटात असतानाच कळलं होतं आणि तेव्हापासून मी मोजत आले आहे.

डॉक्टर म्हणाले, उतार सरळ आहे आणि कारण बाहेरून दिसत नाही. तेव्हा पुढच्या शुक्रवारी सुई घालून आतला तांदळाएवढा तुकडा काढून बघू. धोका किती, असं मी विचारलं. फार नाही, म्हणाले. इतर मुलांत काही झालंच तर दुसरं मूत्रपिंड असतं. एवढं म्हणून ते टंकायला लागले.

व्हरांड्याच्या लांबच्या टोकाला फांग सिस्टरची खोली होती. मूत्रपिंडाच्या रुग्णांना पथ्यपाणी समजावणं हे त्यांचं काम. साठीला आलेल्या, एकट्या राहणाऱ्या, जेवणाचा डबा भिंतीकडे तोंड करून खाणाऱ्या. आमच्या शीलो गावात लग्न होऊन येऊन मला आठ वर्षं झाली, पण "तू झोपतेस का गं नीट?" असं मला विचारणारी त्या परिसरातली ती एकच बाई होती. तीही बसने पन्नास मिनिटांवर, शहरात.

मी त्यांना सांगितलं की मी निंग-निंगची उंची घरी तीनदा मोजली आहे. लहान मुलांच्या हिशेबात उंची लागते, हे मी वाचलं होतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कागद ओढला आणि माझ्यासमोर गणित मांडलं. उंची एकशे अठरा, गुणिले शून्य पूर्णांक चारशे तेरा, भागिले रक्तातलं क्रिएटिनिन. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या रोजच्या कामातून निघणारा कचरा. आज ते शून्य पूर्णांक शहात्तर आलंय, म्हणून चौसष्ट.

"गाळणी चालताना कुणाला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "झाडणारीला न बघता अंगणात कचरा किती उरला ते बघायचं आणि तिचा हात किती चालतो ते ठरवायचं. एवढंच आहे हे शास्त्र. अंदाज आहे, मोजमाप नाही."

मग त्यांनी निंग-निंगचे जुने कागद पुन्हा चाळले. लघवी स्वच्छ, प्रथिनाचा मागमूस नाही. रक्तदाब उत्तम. सोनोग्राफीत मूत्रपिंड गुबगुबीत. 

"निंग-निंगची आई, आजारी मूत्रपिंड असं वागत नाही," त्या म्हणाल्या आणि कपाटातून तीन लिटरची तपकिरी बाटली काढली.

२

बाटलीचा नियम कडक होता. सकाळी दहा वाजता निंग-निंगला बाथरूमला नेलं, ती पहिली लघवी वाहू दिली आणि घड्याळ लावलं. तिथून दुसऱ्या दिवशी दहापर्यंतचा प्रत्येक थेंब बाटलीत आणि बाटली थंड जागी. म्हणजे घरी फ्रीजमध्ये, टोफू आणि लोणच्याच्या बरणीमध्ये.

"मूत फ्रीजमध्ये ठेवणारी सून मी पहिल्यांदाच बघतेय," सासूबाई म्हणाल्या. "कुणी पाहुणा आला तर गार चहा म्हणून ओतून घेईल."

निंग-निंग खिदळली. मी हसले नाही. त्या घरात आम्ही दोघी एकमेकींशी अशाच बोलायचो, मधे निंग-निंगला ठेवून. माझा नवरा कुआन-मिंग व्हिएतनाममधल्या कारखान्यात असतो, तीन महिन्यांनी आठवडाभर येतो. उरलेले दिवस आम्ही दोन बायका, एक मूल आणि शेजारच्या कारखान्यातल्या सोयासॉसच्या रांजणांचा वास.

त्या दुपारी मी वही उघडली. निंग-निंगच्या पोटात काय जातं ते मी रोज लिहिते. डिसेंबरात आकडा पहिल्यांदा घसरला, तेव्हा सासूबाईंच्या कपाटातल्या सगळ्या जडीबुटीच्या पुड्या मी कचऱ्याच्या गाडीत टाकल्या होत्या. गाडीचं गाणं वाजत होतं आणि त्या दारात उभ्या राहून बघत होत्या.  काही झाडपाल्यांनी मूत्रपिंडं कायमची जातात, हे माझं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्या दिवसापासून माझी त्यांच्यावर नजर होती.

संशय तिघांवर होता. पहिल्या सासूबाई. दुसरे देवळाजवळचे औषधीवाले ल्याओ काका, सासूबाईंच्या चाळीस वर्षांच्या ओळखीचे. पुड्या तिथूनच यायच्या. तिसऱ्या पान बाई. शाळा सुटल्यावर निंग-निंग त्यांच्या शिकवणीत पाचपर्यंत असते आणि कुणाला ताप आला की त्या गोळी देऊन मोकळ्या होतात. तापाच्या काही गोळ्याही मूत्रपिंडाला बाधतात.

मंगळवारी बसमध्ये बाटली मांडीवर घेऊन आम्ही पुन्हा गेलो. सासूबाईंना मी एवढंच सांगितलं होतं की बाटली पोचवायला जातोय. मलाही तेवढंच माहीत होतं. पण फांग सिस्टर म्हणाल्या की नुसत्या बाटलीवरून काही कळत नाही. दिवसभरात किती कचरा बाहेर गेला ते बाटली सांगणार. त्याला रक्तात किती आहे त्याने भागायचं, मग दिवसाच्या मिनिटांनी. तेव्हा थोडं रक्तही लागेल. निंग-निंगने तोंड वाकडं केलं आणि दुसरा दंड पुढे केला.

दुपारी फांग सिस्टरनी मला आत बोलावलं, दार लावलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. बाटलीच्या हिशेबाने वेग आला होता त्र्याण्णव. उंचीच्या हिशेबाने ब्याण्णव.

काल चौसष्ट होते.

"एका दिवसात मूत्रपिंड बरं होत नसतं," त्या म्हणाल्या.

३

पहिला संशय प्रयोगशाळेवर येतो. तो फांग सिस्टरनी संध्याकाळपर्यंत मिटवला. सोमवारच्या नळीतलं उरलेलं रक्त पुन्हा तपासलं, पुन्हा शहात्तरच आले. नळी बदललेली नव्हती, रक्तगट जुळत होता. मंगळवारचंही पुन्हा केलं, त्रेपन्न. दोन्ही नळ्या निंग-निंगच्याच आणि दोन्ही खऱ्या.

डॉ. लुओ म्हणाले, असं कोडं घेऊन मला थांबता येणार नाही. पुढच्या गुरुवारी सकाळी परत रक्त घेऊ. क्रिएटिनिन जास्त आलं तर शुक्रवारी सुई. खाट राखून ठेवली आहे.

फांग सिस्टर मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. जिन्यात कुणी नव्हतं.

"आपण धरून चाललोय की कचरा जास्त दिसला म्हणजे झाडणारी आळशी," त्या म्हणाल्या. "पण तो कुणी बाहेरून आणून दारात टाकला असेल तर? क्रिएटिनिन दोन ठिकाणांहून येतं. एक आपल्या स्नायूंमधून, ते रोज सारखंच. दुसरं, शिजवलेल्या मांसातून. आदल्या रात्री तिने काय खाल्लं होतं?"

वही माझ्याजवळच होती. रविवारी रात्री भात, दुधीची भाजी, वाफवलेल्या माशाचे दोन घास, तेही साडेसहाला. सोमवारी सकाळी काही नाही, कारण रक्त द्यायला उपाशी न्यायचं. चारही तपासण्यांच्या सकाळी मी तेच लिहिलं होतं. काही नाही.

"मग सोमवारी सकाळी असं काय झालं, जे मंगळवारी झालं नाही, ते शोध," त्या म्हणाल्या. "आणि लवकर शोध, बाळ."

मला बाळ म्हणून कुणी हाक मारल्याला खूप वर्षं झाली होती. बसमध्ये मला निंग-निंगला खिडकीकडे बसवावं लागलं, कारण माझा चेहरा तिला दिसू नये असं वाटत होतं.

बुधवारी मी पान बाईंकडे गेले. त्या भडकल्या. मी फक्त एकदा गोळी दिली, एप्रिलमध्ये, तीही तुम्हाला फोन लावून, आणि तासाभरात तुम्हीच येऊन पोरीला नाक्यावरच्या दवाखान्यात नेलंत, असं त्यांनी तारखेसकट सुनावलं. वर म्हणाल्या, "तुमच्या मुलीच्या डब्यात एवढं तपासलेलं अन्न असतं की बाकीची पोरं तिला म्हणतात, तुझी आई पोलिसात आहे का?"

मी घरी येऊन फाईल काढली. एप्रिलमधल्या तापाच्या दिवशी नाक्यावरच्या डॉक्टरांनीही रक्त काढलं होतं. वेगळं यंत्र, वेगळी पद्धत, म्हणून शहरातल्या डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवला होता. मी उंची घेऊन भागाकार केला. एक्क्याण्णव. दोनदा केला.

म्हणजे मार्चमध्ये पंचाहत्तर, एप्रिलमध्ये एक्क्याण्णव, जूनमध्ये चौसष्ट, दुसऱ्या दिवशी ब्याण्णव. ज्या दोन दिवशी रक्त काढणार हे घरात कुणालाच आधी ठाऊक नव्हतं, त्या दोन्ही दिवशी मूत्रपिंड ठणठणीत होतं.

चोर तारीख पाहून येत होता. आणि तारीख घरातल्या भिंतीवर लिहिलेली असते.

४

ल्याओ काकांचं दुकान अंधारं आहे आणि मागच्या बाजूला भट्टी. त्याच बुधवारी संध्याकाळी मी गेले तेव्हा ते घामाने निथळत होते. तीन उंच भांड्यांतून वाफ येत होती, सगळ्या दुकानात कोंबडीचा जड वास भरला होता.

"या, शिकलेल्या सूनबाई," ते म्हणाले. "आज कचऱ्याच्या गाडीत काय टाकायचंय?"

मी सरळ विचारलं, निंग-निंगसाठी माझ्या सासूबाईंनी तुमच्याकडून काय औषध नेलं. त्यांनी हात पुसले, देवाच्या फोटोकडे वळले आणि शपथ घेतली की गेल्या डिसेंबरपासून त्या मुलीसाठी माझ्या दुकानातून एक पान, एक साल, एक मूळ गेलेलं नाही. माझ्या सासूबाईंनीच त्यांना तसं बजावलं होतं. सून म्हणते ते खरं असेल, आपल्याला काय कळतं, असं त्या म्हणाल्या होत्या म्हणे.

माणूस खोटं बोलत नव्हता, हे मला दिसलं. मला त्याचं वाईट वाटलं, कारण आता माझ्या यादीत कुणी उरलं नव्हतं. बोलायचं म्हणून मी विचारलं की एवढ्या कोंबड्या कुणासाठी. ते म्हणाले, परीक्षांचा हंगाम आहे ना. गावातल्या चार घरांतली पोरं बसणार आहेत. म्हातारी कोंबडी हाडांसकट ठेचून, पाण्याचा थेंब न घालता आठ तास वाफेवर ठेवली की खाली वाटीभर अर्क गळतो. पेपरच्या सकाळी तो प्यायला की डोकं लखलखतं. या गावात सगळ्या आया तेच करत आल्यात.

मी हो हो म्हणत बाहेर पडले. माझं लक्षच नव्हतं.

गुरुवारी दुपारी शिकवणीला न पाठवता शाळेतून आणताना मी निंग-निंगला विचारलं, आमा तुला गुपचूप औषध देते का. आजीला ती आमा म्हणते. ती म्हणाली, नाही. काढा? नाही. गोळी? नाही. मी थांबून तिच्या डोळ्यांत बघितलं. ती खरंच सांगत होती आणि घाबरलीही होती, मलाच.

मग मी प्रश्न बदलला. तपासणीच्या दिवशी सकाळी मी उठून तयारी करते, तेव्हा तू आणि आमा कुठे असता? देवळात, ती म्हणाली, तुला माहीतच आहे ना. मला माहीत होतं. तपासणीच्या दिवशी सहा वाजता सासूबाई तिला स्कूटरवर पुढे उभी करून देवळात नेतात, उदबत्ती लावतात आणि साडेसहाला परत आणतात. बस पकडण्याआधीचा तेवढा अर्धा तास मला शांत मिळायचा, म्हणून मी कधी विचारलं नव्हतं. शिवाय मी देवळात जात नाही.

त्या दुपारी गेले. मोठ्या गाभाऱ्यात समुद्रमाता, डाव्या हाताला आजारपण बरं करणारा देव. त्याच्यासमोर मी वाकून बघितलं. लोकांनी ठेवलेल्या चिठ्ठ्यांत आमचं नाव कुठे नव्हतं. मला आश्चर्य वाटलं. आजारी नातीला घेऊन आलेली बाई अजून कुठे जाईल?

पुजारी झाडत होते. मी सासूबाईंचं नाव घेतलं, त्यांनी झाडूनेच उजवीकडे खूण केली.

उजवीकडे परीक्षेचा देव आहे. हातात लेखणी धरलेला. त्याच्या चौथऱ्यावर काचेखाली मुलांची प्रवेशपत्रं ओळीने लावलेली होती, नाव, क्रमांक, केंद्र, तारीख, म्हणजे देवाचा घोटाळा नको. नववीची मुलं, बारावीची मुलं, सरकारी नोकरीला बसलेला कुणी. आणि त्यांच्यामध्ये, नीट कापलेली, एक झेरॉक्स. रुग्णालयाची भेटीची चिठ्ठी. त्सेन यी-निंग, वय सात, रक्त तपासणी, पुढच्या गुरुवारची तारीख.

मी तिथेच पायरीवर बसले.

त्या बाईच्या लेखी ही तपासणी नव्हतीच. तारीख ठरते, उपाशी, टापटीप जायचं असतं, नंबर लागतो, आत एकटं बसायचं असतं आणि दुपारी आकडा लागतो. नव्वद. ब्याऐंशी. पंचाहत्तर. चौसष्ट. आकडा खाली गेला की घरात सगळे गप्प होतात.

आणि परीक्षेच्या सकाळी या गावातल्या बायका मुलांना काय पाजतात, ते मी कालच ऐकून आले होते.

५

सासूबाई मागच्या अंगणात नळाखाली पालेभाजी धूत होत्या. मी नळ बंद केला.

"आई, सोमवारी देवळात निंग-निंगला काय पाजलंत?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "विष नाही पाजलं."

"मला माहीत आहे. किती वाट्या?"

"दोन." त्यांनी पुढची जुडी उचलली. "डिसेंबरात अर्धीच दिली होती. आकडा उतरला. मग मार्चमध्ये एक दिली. आणखी उतरला. मला वाटलं, कमी पडतंय पोरीला."

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि फांग सिस्टरनी मला सांगितलं होतं तसं सांगितलं. अंगणाचं, कचऱ्याचं, झाडणारीचं. आठ तास शिजलेल्या कोंबडीतून हा कचरा वाटीत उतरतो, वाटीतून रक्तात जातो आणि काही तासांनी आपसूक निघूनही जातो. पण नेमक्या त्याच तासांत आपण रक्त काढतो. निंग-निंगला काही झालेलं नाही. तिच्या गाळणीला काही झालेलं नाही. फक्त आकडा खोटा येतो, आणि जेवढा अर्क जास्त, तेवढा आकडा कमी.

त्या ऐकत होत्या. हातातली भाजी तशीच टपटपत होती.

"म्हणजे मीच," त्या म्हणाल्या.

 खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यांची दया आली नव्हती. सहा महिने मी नीट झोपले नव्हते. मी म्हणाले, तुम्ही मला एकदा विचारायचं होतं. त्या म्हणाल्या की औषध द्यायचं नाही असं मी म्हणाले होते, ते त्यांनी पाळलं होतं. कोंबडी काही औषध नाही, ती तर त्या ल्याओ काकांच्या भट्टीवर स्वतः शिजवायच्या. कुआन-मिंगला प्रत्येक पेपरला दिली. कधी नापास झाला नाही. इतके चांगले गुण मिळाले की गावात थांबलाच नाही.

"आई, पण ही परीक्षा नाही."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"नाही ना? मग आकडा लागला की तू पोरीकडे कशी बघतेस, ते एकदा आरशात बघ. ती बसमधून उतरते, माझ्याकडे येते आणि म्हणते, आमा, मला कमी पडले, आई बोलत नाहीये. प्रत्येक वेळी. मी काय करायचं होतं? मला भागाकार येत नाही. मला कोंबडी शिजवता येते."

त्यांनी नळ सोडला आणि भाजी पुन्हा पहिल्यापासून धुवायला घेतली.

मी खोलीत येऊन फांग सिस्टरना फोन लावला. बोलताना माझा आवाज फुटत होता, म्हणून त्यांना वाटलं काही वाईट घडलं. सगळं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, पटतंय, शंभर टक्के पटतंय. पण डॉक्टर पटण्यावर सुई मागे घेणार नाहीत. गुरुवारचं रक्त यावं लागेल. मग म्हणाल्या की एवढ्या वर्षांत हजारो लोकांना त्यांनी काय खाऊ नका ते सांगितलं, पण कोण भरवतं, हे कुणाला विचारलं नाही.

त्या आठवड्यात सासूबाई खोलीतून फारशा बाहेर आल्या नाहीत. रविवारी कुआन-मिंगचा फोन आला, तेव्हा मला सांगता आलं असतं. त्याने विचारलं, काही कळलं का. मी म्हटलं, कळेल गुरुवारी. पलीकडच्या भिंतीआड त्यांचा टीव्ही एकदम बारीक झाला आणि मी फोन ठेवल्यावरही बराच वेळ तसाच राहिला.

६

गुरुवारी सहाला कुणी देवळात गेलं नाही. निंग-निंग चपला घालून दारात उभी राहिली, आमाच्या खोलीकडे बघत. दार बंद होतं. बसमध्ये तिने मला विचारलं की देवाला न सांगता गेलं तर चालतं का. मी म्हटलं, चालतं. आणि मग, हे बोलायला मला शहर येईपर्यंत वेळ लागला, मी तिला सांगितलं की आज जो आकडा येईल तो तुझा नाही. तो यंत्राचा आहे. तुला त्यात काही करायचं नाही, मिळवायचं नाही. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, मग तू का घाबरलीस?

मी म्हटलं, मी घाबरटच आहे. तिला हे पटलं. तिने माझा हात आपल्या मांडीवर ठेवून घेतला.

आठला रक्त घेतलं. दहाला आम्ही आत गेलो. डॉ. लुओंनी पडदा वळवला नाही. त्यांनी आधी कागदावर स्वतः गुणाकार केला, मग भागाकार, जसं फांग सिस्टर करतात. क्रिएटिनिन शून्य पूर्णांक चोपन्न. नव्वद.

त्यांनी फोन उचलून शुक्रवारची खाट सोडली. मग माझ्याकडे वळून म्हणाले की उतार सरळ होता, म्हणून मी आजाराचाच विचार केला. सवयही इतकी सरळ वाढत जाऊ शकते, हे लक्षात आलं नाही. पुढची तपासणी डिसेंबरात. मी निंग-निंगकडे पाहिलं. कसं पाहिलं मला माहीत नाही, पण ती हसली.

बाहेर फांग सिस्टर आपला डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी निंग-निंगच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या आत निघून गेल्या.

बस यायला पाच मिनिटं होती. मी घरचा नंबर फिरवला. सासूबाईंकडे मोबाईल आहे, पण त्या तो कपाटात ठेवतात. आठ घंट्या झाल्या. मला वाटलं, गेल्या कुठेतरी. मग उचलला गेला. नुसता श्वास.

"आई, नव्वद आले," मी म्हटलं. "उद्याची सुई रद्द झाली."

 कारखान्याचा अकराचा भोंगा मला फोनमधून ऐकू आला. त्या वेळी त्या जेवायला बसतात, एकट्या, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. मी एक वाजता जेवते, माझ्या कामाच्या टेबलापाशी. आठ वर्षांत हे असं का ठरलं, कुणी ठरवलं, मला आठवेना.

"नव्वद," त्या म्हणाल्या. "काही न देता."

 काही दिलं नाहीत म्हणूनच, हे खरं उत्तर होतं.

"आम्ही आता अकराच्या बसने निघतोय," मी म्हटलं. "जेवायला थांबा."

 निंग-निंग फोनकडे हात करत होती, मी तो तिच्या कानाजवळ धरला, मग पुन्हा माझ्या.

"काय करू?" सासूबाईंनी विचारलं. अगदी हळू, जसं अनोळखी घरात पाणी मागावं.

डिसेंबरपासून त्या घरात काय शिजायचं आणि काय नाही, ते मी ठरवत आले होते. माझ्याकडे उत्तर तयार असायला हवं होतं. रस्त्यापलीकडून बस वळताना दिसली.

"तुम्हाला येतं ते करा," मी म्हटलं. "तिघींपुरतं."